प्रिंट धड पोचावी म्हणून: एका पाकिटाचा प्रकरण अभ्यास

तक्रारींचे फोटो एकाखाली एक लावून पाहिले तेव्हा सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे, की मधोमध मोडलेल्या प्रिंट फार थोड्या होत्या. बहुतेक फोटोंत चित्र शाबूत होतं आणि गेला होता तो कोपरा.

हे फोटो एका चित्रकर्तीने पाठवले होते. ती शाईची चित्रं काढते, गडद काळ्या-निळ्या भागांची आणि बारीक रेषांची. त्यांच्या प्रिंट ती 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, कॉटन कागदावर, इंकजेट प्रिंटरने पिगमेंट शाईत (रंगाच्या बारीक कणांच्या शाईत) काढते आणि घेणाऱ्यांना टपालाने पाठवते. ऑर्डर जास्त करून ए4 च्या, काही ए3 च्या, अधूनमधून एखादी ए2. पॅकिंगची पद्धत अडचण येईल तशी घडत गेली होती. सुरुवातीला ट्यूब होती. प्रिंट सरळच होत नाही अशी कुरकुर आल्यावर सपाट पाकीट आलं. त्यात एक पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीतली प्रिंट, भोवती बबल रॅपचे वेढे, आणि बाहेर ठळक अक्षरांत ‘वाकवू नये’.

एवढं करूनही तक्रारी थांबत नव्हत्या. दर तक्रारीला ती नवी प्रिंट काढून, दुसऱ्यांदा टपालखर्च भरून पाठवत होती. माझ्याकडे ती एकच प्रश्न घेऊन आली: आणखी जाड पुठ्ठा घेऊ का? त्यासाठी तिने 3 मिमी हार्डबोर्डचे, म्हणजे दाबलेल्या लाकडाच्या लगद्याच्या फळीचे, तुकडे कापूनही आणले होते.

जाडीचा विचार मी मुद्दाम बाजूला ठेवायला सांगितला. आधी नुकसान कुठे होतंय ते पाहू, मग त्यावर पैसे घालू, एवढंच ठरवलं.

फोटोंनी काय सांगितलं

नुकसानाचे चार प्रकार दिसले, आणि चारांची कारणं वेगवेगळी होती.

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रकार मुडपलेल्या कोपऱ्यांचा. ए4 प्रिंटचं माप 210 × 297 मिमी. तिचं पाकीट सी4, म्हणजे 229 × 324 मिमी. कागदावर हिशेब केला तर प्रिंटच्या दोन्ही बाजूंना साडेनऊ मिमी आणि वरखाली साडेतेरा मिमी जागा उरते. वाईट नाही. पण पुठ्ठा ए4 मापाचाच होता आणि पाकिटात सगळं सुटं होतं. वाटेत पाकीट उभं राहतं, आडवं होतं, पट्ट्यावरून घसरतं. दर वेळी आतला गठ्ठा खालच्या कोपऱ्याकडे सरकतो, आणि त्या कोपऱ्यापाशी साडेनऊ मिमीची जागा शून्य होते. पाकीट पडतं तेही बहुधा खाली असलेल्या कोपऱ्यावरच. त्यामुळे जिथे मार बसायचा, नेमकी तिथेच प्रिंट जाऊन बसलेली असायची. पिशवीतही प्रिंट ढिली होती, म्हणून काही वेळा पुठ्ठ्याचा कोपरा ठीक राहून पुढे सरकलेल्या प्रिंटचा कोपरा गेला होता.

दुसरा प्रकार मधल्या मोडीचा. असे फोटो थोडे असले तरी त्यांत एक साम्य होतं. मोड पुठ्ठ्याच्या पोटातल्या नागमोडी कागदाच्या रेघांना समांतर होती. खोक्याचा पुठ्ठा काड्यांच्या चटईसारखा वागतो: एका दिशेने सहज वळतो, दुसऱ्या दिशेने ताठ उभा राहतो. एकच पुठ्ठा वापरला की एक दिशा नेहमीच कमजोर राहते, आणि पत्रपेटीच्या फटीत पाकीट कोंबणाऱ्या हाताला ती दिशा लगेच सापडते. इंकजेटच्या कागदावर शाई धरून ठेवणारा थर असतो. कागद कचकन मोडला की तो थर तडकतो आणि गडद भागात पांढरी रेघ उमटते. ती रेघ कशानेही जात नाही.

तिसरा प्रकार तिला स्वतःला नीट ओळखू आला नव्हता. काही घेणाऱ्यांनी लिहिलं होतं की काळ्या भागावर चकचकीत ओरखडे आहेत, छपाईतच दोष आहे का? छपाईत दोष नव्हता. मॅट कागदावरची पिगमेंट शाई पृष्ठभागापाशीच बसते आणि घासली की तिथला मॅटपणा जातो. ढिल्या पिशवीत शेकडो किलोमीटर प्रिंट प्लास्टिकवर घासत गेली होती. त्यावरून बबल रॅपचा दाब. बबल रॅप आदळण्यापासून वाचवतं, पण वाकण्याला अडवायची ताकद त्यात अजिबात नाही, आणि जास्त दाब पडला तर फुग्यांचे गोल ठसे मात्र उमटू शकतात. कागदी चित्रासाठी ते चुकीच्या जागी खर्च केलेलं प्लास्टिक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा प्रकार ओलीचा. एका पाकिटाच्या तोंडाशी पाणी शिरलं होतं आणि प्रिंटची कड लाटांसारखी झाली होती. याचा उपाय सोपा आहे, पुढे येईलच.

‘वाकवू नये’ या सूचनेबद्दल इथेच लिहितो. टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्राला ती वाचता येत नाही, आणि घाईत असलेल्या माणसाला वाचायला वेळ नसतो. सूचना जरूर लिहावी, पण पाकिटाची रचना अशी असावी की ती पुसली गेली तरी काही फरक पडू नये.

जाड पुठ्ठा का नको

आता हार्डबोर्डकडे वळू. ए3 प्रिंटसाठी साधारण 33 × 45.5 सेंमीचा तुकडा लागतो, म्हणजे 0.15 चौरस मीटर. 3 मिमी हार्डबोर्डच्या एवढ्या तुकड्याचं वजन 400 ग्रॅमच्या आसपास जातं. 2 मिमी भरीव करड्या पुठ्ठ्याचा तुकडा 190 ग्रॅमच्या घरात. आम्ही वापरलेल्या 3 मिमी कोरुगेटेड, म्हणजे खोक्याच्या नागमोडी पोटाच्या, पुठ्ठ्याचा तुकडा मात्र 68 ग्रॅम भरला. खुद्द ए3 प्रिंट, 300 जीएसएमची, फक्त साडेसदतीस ग्रॅमची असते. हार्डबोर्डचे दोन तुकडे लावले तर साडेसदतीस ग्रॅमच्या चित्रासाठी आठशे ग्रॅम लाकूड टपालाने पाठवायचं. टपालाचा दर वजनाच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे तो भार दर पाकिटाला कायमचा बसला असता.

कोरुगेटेड पुठ्ठा इतका हलका असूनही ताठ राहतो, कारण पत्र्याचा वा पुठ्ठ्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. नागमोडी कागद दोन सपाट कागदांना एकमेकांपासून दूर धरतो, मधली जागा हवेची, आणि हवेचं वजन नगण्य असतं. आता दोन पुठ्ठे एकावर एक नुसते ठेवले तर ते वाकताना एकमेकांवर सरकतात आणि ताठपणा जेमतेम दुप्पट होतो. त्यांच्या चारी कडा टेपने घट्ट बांधल्या तर हे सरकणं बरंच अडतं, आणि तेच दोन पुठ्ठे हाताला कितीतरी कडक लागतात. टेपच्या एका वेढ्यात हे होतं. हे दोन्ही तुकडे मी तिच्या हातात आळीपाळीने दिले, सुटे आणि बांधलेले. त्यानंतर हार्डबोर्डचा विषय निघाला नाही.

आणखी एक गोष्ट. एका पुठ्ठ्याच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. मग कमजोर दिशा उरत नाही. याला जास्तीचा एक पैसाही लागत नाही, फक्त कापताना लक्ष द्यावं लागतं.

नवं पाकीट

शेवटी जे ठरलं ते असं. प्रिंट काढल्यावर किमान एक दिवस मोकळी ठेवायची. शाईतले द्रावक हळूहळू उडून जातात. घाईने पिशवी बंद केली तर ते आतच अडकतात. मग चित्रावर ग्लासीनचा गुळगुळीत कागद, आणि दोन्ही मिळून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पिशवीत. पीव्हीसीची पिशवी नको, तिच्यातून बाहेर पडणारी द्रव्यं चित्राला बरी नाहीत. पिशवी प्रिंटपेक्षा प्रत्येक मापात पाच-सहा मिमीनेच मोठी, म्हणजे प्रिंट आत हलत नाही.

या पिशवीत एक बारीक खोच आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वस्त पिशव्यांत डिंकाची पट्टी झाकणावर असते. घेणारा झाकण उघडतो, प्रिंट बाहेर ओढतो, आणि चिकट झाकण मागे वळून चित्राच्या पृष्ठभागाला धरतं. मॅट कागद असेल तर वरचा थर सोलून निघतो. टपालाने सुखरूप आलेली प्रिंट घरात, घेणाऱ्याच्या हातात खराब होते आणि तो बिचारा स्वतःला दोष देतो. ज्या पिशव्यांत पट्टी पिशवीच्या अंगावर असते आणि झाकण साधं असतं, त्याच घ्याव्यात. किमतीत फारसा फरक नसतो. तशा मिळाल्या नाहीत तर पट्टीवरचा संरक्षक कागद काढूच नये, झाकण दुमडून बाहेरून टेपचा छोटा तुकडा लावावा.

पुठ्ठा प्रिंटपेक्षा सगळ्या बाजूंनी किमान 15 मिमी मोठा. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा बदल हाच. कोपऱ्यावर मार बसणार हे धरून चालायचं आणि तो झेलायला रिकाम्या पुठ्ठ्याचा काठ ठेवायचा. पण काठ नुसता ठेवून भागत नाही, प्रिंट मध्यभागी खिळलेली हवी. त्यासाठी खालच्या पुठ्ठ्यावर चार कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे चिकटवले. चांगल्या जाड कागदाचा चौकोन तिरका दुमडायचा, उघड्या टोकांना डिंक लावायचा, आणि पिशवीतल्या प्रिंटचे कोपरे त्यात सरकवायचे. खिसा अगदी तंग नको, मिलीमीटरभर सैल हवा. दमट हवेत कागद फुगतो. त्याला जागा नसेल तर मध्ये पोक येतो. प्रिंटला किंवा पिशवीला टेप कुठेच लागत नाही, त्यामुळे काढताना कातरी-कटर लागत नाही.

खिसे कशाचे करायचे, तर फसलेल्या प्रिंटच्या कागदाचे. तो तिच्याकडे होताच.

वरून दुसरा पुठ्ठा, रेघा आडव्या, चारी कडांना ब्राउन टेप. टेपचा वेढा पूर्ण असला की कडांतून ओल आत जायला वाट राहत नाही, म्हणून चौथ्या प्रकाराचा निकालही यातच लागला. एका कडेला टेपचं टोक दुमडून धरायला शेपूट ठेवायचं आणि शेजारी ‘इथून उघडा’ असं लिहायचं. हे लिहिण्याला कारण आहे. घेणारे उत्साहात कटर चालवतात, आणि एका फोटोत तर कटरची रेघ चित्रावरून गेलेली होती. आता 15 मिमीचा काठ तिथेही आड येतो.

बाहेरच्या पाकिटाचं माप बदलावं लागलं. ए4 साठी पुठ्ठा 24 × 34 सेंमीचा झाला. तो सी4 मध्ये मावत नाही. बी4, म्हणजे 250 × 353 मिमीचं पाकीट बरोबर बसलं. पाकीट निवडताना त्याच्या रुंदीतून आतल्या वस्तूची जाडी वजा करायला हवी: 240 मिमी रुंद आणि साडेसहा मिमी जाड वस्तूला 247 मिमी तरी लागतात, 250 मध्ये ती जेमतेम सरकते. ए3 ला सी3 पाकीट (324 × 458 मिमी) अपुरं पडलं, कारण 15 मिमी काठ ठेवला की पुठ्ठाच 327 मिमीचा होतो. तिथे तिने पाकीट सोडूनच दिलं. टेपने बंद केलेल्या पुठ्ठ्यांना जाड खाकी कागदाचं वेष्टण, बस्स.

खर्च

पुठ्ठा जुन्या खोक्यांचा. खोक्याच्या घडीची रेघ तुकड्यात येता कामा नये, कारण ती म्हणजे आयतं बिजागर. भिजून मऊ पडलेलं खोकं घेऊ नये. खोक्याचा पुठ्ठा आम्लयुक्त असतो, दीर्घकाळ सान्निध्यात कागद पिवळा करतो. वाटेतल्या काही दिवसांत पिशवीआडून काही होत नाही, पण प्रिंट त्यातच कपाटात ठेवू नका अशी ओळ तिने सोबतच्या चिठ्ठीत घातली. बबल रॅप पूर्ण गेलं. ग्लासीन, खिसे आणि जास्तीची टेप आली. पाकीट थोडं महाग झालं. गोळाबेरीज जवळपास पूर्वीइतकीच, कष्ट मात्र वाढले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पुठ्ठे एकेक करून कापणं जिवावर येतं. एका मापाचा साचा करून गठ्ठ्याने कापून ठेवले की सुसह्य होतं.

ए4 चं पूर्ण पाकीट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, ए3 चं सव्वादोनशेच्या. बंद करण्याआधी काट्यावर ठेवायची सवय तिला लावून घ्यायला सांगितली, कारण वजनाचा टप्पा दोन-चार ग्रॅमनी ओलांडला तर पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे जातात. कुरियरने पाठवायचं तर आकारमानाचं वजनही पाहावं लागतं. अनेक कुरियर लांबी, रुंदी, उंची सेंमीमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारा किलोचा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. 35 × 48 × 1 सेंमीचं सपाट पाकीट 0.34 किलो होतं. 10 सेंमी व्यासाची, 50 सेंमी लांबीची ट्यूब 10 × 10 × 50 धरली जाते आणि थेट 1 किलो होते, जरी आत दीडशे ग्रॅमच असले. ट्यूब स्वस्त असते या समजाला या आकड्यांपुढे आधार राहत नाही.

पॅकिंगवर किती खर्च करणं योग्य, याचा हिशेब तिला असा मांडून दिला. समजा पॅकिंगला 1 भाग लागतो, टपालाला 4 आणि प्रिंटला 5. एक प्रिंट पुन्हा पाठवायची तर 10 भाग गेले. वीसात एक खराब होत असेल तर दर पाकिटामागे अर्ध्या भागाचा बोजा आहे. म्हणजे नुकसान पूर्ण थांबवणाऱ्या उपायावर पॅकिंगच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत जास्त घालणं परवडतं, त्यापुढे नाही. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. मूळ चित्र पाठवायचं असेल तर हा हिशेब लागूच होत नाही. तिथे दुसरी प्रत नसते, आणि मग हार्डबोर्डही कमीच.

पडताळणी

फसलेली, भरपूर काळ्या भागाची एक प्रिंट घालून पाकीट तयार केलं आणि पाडलं. पार्सलच्या चाचण्यांत, उदाहरणार्थ आंतरराष्ट्रीय सेफ ट्रान्झिट असोसिएशनच्या 1ए पद्धतीत, हलकी वस्तू सुमारे 76 सेंमीवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीन कडांवर, सहा बाजूंवर. टेबलाची उंची साधारण तेवढीच असते. जुन्या पद्धतीचं पाकीट पहिल्याच कोपऱ्यावर गेलं. नव्या पाकिटात पुठ्ठ्याचा कोपरा चेपला, नागमोडी थर चुरगळला, पण चेप काठातच थांबली. खिशातला कोपरा धारदार राहिला. मग टेबलाच्या कडेवर अर्धं बाहेर धरून दोन्ही दिशांनी दाबलं, पाण्याचा फवारा मारून काही वेळ ठेवलं, आणि उघडून काळा भाग उजेडात तिरका धरून पाहिला. ओरखडा नव्हता.

ए2 ला हे सगळं लागू केलं नाही. 420 × 594 मिमीच्या प्रिंटचं सपाट पाकीट हाताळायला अवघड आणि क्षेत्रफळ मोठं असल्याने पुन्हा वाकणारं. ती ट्यूबमध्येच जाते, पण आता 10 सेंमी व्यासाच्या जाड भिंतीच्या ट्यूबमध्ये. 300 जीएसएमचा कागद 7-8 सेंमीहून बारीक गुंडाळला की वळण धरतो. ग्लासीनसह सैल गुंडाळून दोन्ही टोकांना काही सेंमी रिकामी जागा ठेवायची, तिथे चुरगळलेल्या कागदाचे बोळे, आणि झाकणांवर फुलीच्या आकारात टेप, कारण झाकण निखळणं हा ट्यूबचा नेहमीचा दोष आहे. परदेशी पाठवताना पत्रटपालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गुंडाळीची लांबी आणि व्यासाची दुप्पट मिळून 1040 मिमीची मर्यादा आहे. 47 सेंमीची ही ट्यूब त्यात आरामात बसते. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं: स्वच्छ कागदावर चित्र खाली करून पसरा, वर दुसरा कागद आणि सपाट वजन ठेवा, एक-दोन दिवस हात लावू नका.

नवी पद्धत सुरू झाल्यापासून मुडपलेल्या कोपऱ्याचा फोटो तिच्याकडे आलेला नाही. एक नवी अडचण मात्र आली. पाकीट आता मोठं आणि कडक आहे, ते पत्रपेटीच्या फटीत जात नाही. घरी कुणी नसलं की ते परत टपाल कचेरीत जातं आणि घेणाऱ्याला हेलपाटा पडतो. तरी वाकवून आत ढकललेल्या चित्रापेक्षा हेलपाटा बरा, असं मला मनापासून वाटतं, आणि तिलाही. आता ती ऑर्डर नोंदवतानाच विचारून घेते, की दिवसा पाकीट घ्यायला कुणी असेल का. नसेल तर कामाच्या ठिकाणचा पत्ता मागते.